बाटलीवरची टिकली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वनमालानं गाडीचं बॉनेट उघडलं, आणि ब्रेक ऑइल टिकलीच्या वर दिसलं.

खाली दिसलं असतं तर तिनं मनावर घेतलं नसतं. खाली सरकणं हा त्या तेलाचा धर्मच आहे. ब्रेक झिजतात तसं ते महिन्या-दोन महिन्यांत केसभर उतरतं. पण वर कसं जाईल? तेल आपण होऊन कधी वाढत नाही. कुणीतरी त्यात काहीतरी ओतलंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि अकरा वाजता बीडला गाडीचं पासिंग होतं.

गाडी वीस वर्षांची. पांढरी, चार दारांची, मागं डिकी असलेली. गावात तिला अजून ‘मास्तरांची गाडी’ म्हणतात, मास्तर जाऊन चार वर्षं झाली तरी. इतक्या जुन्या गाडीला सरकार पुन्हा तपासून घेतं: दिवे, हॉर्न, धूर, ब्रेक. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर. नापास झाली तर काय करायचं ते वनमालाचे दीर सुंदरराव यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी मांजरसुंब्याच्या भंगारवाल्याला त्याच दिवशी दुपारी चार वाजता अंगणात बोलावलं होतं.

सुंदरराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. दारात काळी उंच जीप, जीपला ड्रायव्हर, ओसरीवर सकाळपासून माणसांची ये-जा. अशा अंगणात थोरली भावजय गाडीखाली झोपून पाना फिरवते आणि तिचे फक्त पाय बाहेर दिसतात, ही गोष्ट त्यांना सलायची. आठ दिवसांपूर्वी ओसरीवर चार माणसांसमोर त्यांनी विषय काढला, तेव्हा वनमालानंच शर्त लावली होती. “पास न्हाई झाली तर मी माझ्या हातानं चावी देते, भाऊजी. पन झाली, तर पुन्हा या गाडीचं नाव काढायचं न्हाई.”

चावी जाणं म्हणजे काय, ते वनमालाला पक्कं ठाऊक होतं. तिनं एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी केली. या पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. गाव तिला सिस्टर म्हणतं. पण मास्तर, म्हणजे तिचे यजमान भगवानराव, गेल्यावर पहिले सहा महिने तिला बीडला जायचं तर सुंदररावांच्या जीपची वाट बघावी लागे. सुंदरराव ड्रायव्हरला सांगायचे, “वहिनीला सोडून ये, पण आधी तालुक्याचं काम कर.” आठ वाजता तयार होऊन ती पर्स मांडीवर घेऊन ओसरीवर बसायची आणि दीड वाजता कुणीतरी सांगायचं, आज काही जमत नाही. रात्री-अपरात्री लोकांच्या घरात शिरून दोन जिवांची सुटका करणारी बाई, आणि तिला बँकेत जायला दुसऱ्याची मर्जी लागावी. त्याचा तिला संताप यायचा. अजूनही त्या ओसरीवरच्या खुर्चीत ती बसत नाही.

मग पंचावन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली. चालवणं सोपं निघालं. अवघड होते ते गाडी जाणणारे लोक. पहिल्याच दुरुस्तीला एका गॅरेजवाल्यानं अर्धी गाडी बदलायला सांगितली. तिनं विचारलं, “काय खराब झालंय ते दाखवा की.” तो म्हणाला, “बाई, तुमाला काय कळतंय? मालकाला धाडा.” मालक भिंतीवर होते, फोटोत.

त्या दिवशी ती तशीच घरी आली आणि गाडीच्या कप्प्यातलं इंग्रजी पुस्तक काढून बसली. नर्सिंगला असताना तिनं याहून अवघड इंग्रजी पाठ केलं होतं. चार दिवसांत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. गाडीच्या पोटात चार-पाच तऱ्हेची पाणी-तेलं असतात, आणि कुठलं किती आहे, रंग काय, वास कसला, एवढं नेमानं पाहिलं तर निम्मी दुखणी दारातच कळतात. हे तर तिचं जन्माचं काम. आपला हात जगन्नाथ, असं म्हणून तिनं बाह्या सारल्या.

सकाळी इंजिन गार असताना ऑइल मोजायची कांडी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. जुन्या इंजिनाला पुस्तकात सांगितलंय त्यातलं दाट ऑइल घालायचं. पातळ घातलं की ते पिऊन टाकतं. रेडिएटरला बोअरचं पाणी दाखवायचंसुद्धा नाही. सगळा गाव बोअरचं पाणी ओततो आणि मग गाडी तापते म्हणून गाडीला शिव्या देतो. आंघोळीच्या हंड्याला आतून जो पांढरा थर चढतो, तोच तिथं बारीक नळ्यांत चढतो, एवढं कुणाच्या डोक्यात येत नाही. वनमाला बीडहून शुद्ध पाण्याचे कॅन आणते, त्यात निम्मं हिरवं कूलंट घालते आणि तेच वापरते. साडेतीन वर्षांत तिची गाडी एकदाही तापलेली नाही. सुंदररावांच्या जीपबद्दल ती काही बोलत नाही.

राहता राहिल्या टिकल्या. वीस वर्षांच्या उष्णतेनं बॉनेटखालच्या बाटल्या पिवळ्या पडल्या होत्या आणि तेल कुठवर असावं ते दाखवणाऱ्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. वनमालाच्या कपाटात टिकल्यांची पाकिटं होती. मास्तर गेले त्या दिवशी तिचं कपाळ पुसलं गेलं. पुसणारा हात सासूचा, सरस्वतीबाईंचा होता. त्या स्वतः विधवा, त्यांचं कपाळ त्याआधी वीस वर्षं कोरं, आणि रीत त्यांनाच ठाऊक. पाकिटं टाकायला मात्र वनमालाचा हात धजला नव्हता. मग तिनं त्यांना कामाला लावलं. कूलंटच्या बाटलीवर हिरवी टिकली, स्टिअरिंगच्या तेलाला काळी, ब्रेक ऑइलला लाल. टिकलीच्या मधोमध तेल, म्हणजे सगळं ठीक.

आणि आज ते लाल टिकलीच्या बोटभर वर होतं. तिनं झाकण उघडून टॉर्च मारला. मधासारख्या तेलात तुळशीचं एक पान तरंगत होतं.

आता चोर शोधायला लांब जायला नको होतं. घरात तुळशीला हात लावणारी बाई एकच, आणि ती ओट्यावर बसून दात घासत होती.

“आत्याबाई, काल पूजेच्या वक्ताला या बाटलीत काय घातलं तुमी?”

“तीर्थ. कपिलधारेच्या देवळातलं,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “दोन पळ्या. कावून?”

“हिच्यातच कावून घातलं?”

“तूच कुकू लावलं व्हतंस की तिला. बाकीच्यांला हिरवं-काळं, अन् हिला तांबडं. मला वाटलं, हीच देवाची जागा.” मग म्हातारी जरा थांबून म्हणाली, “उद्या तुजी परीक्षा हाय म्हनून घातलं. मी काय वाईट केलं का?”

दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आपट्याची पानं काचेला अडकवतात. पण सरस्वतीबाईंनी काल हट्टानं बॉनेट उघडायला लावलं होतं. आतल्या जिवाची पूजा करायची, पत्र्याची नाही, असं त्यांचं म्हणणं. वनमाला नारळ आणायला आत गेली तेवढ्यात हे झालं होतं. वनमालाला राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. या घरात तिच्या परीक्षेसाठी देवाला साकडं घालणारं एकच माणूस निघालं, आणि त्यानं नेमका ब्रेक नासवला.

ब्रेक ऑइलात पाणी गेलं की गाडी अंगणात कुरकुरत नाही. दगा घाटात होतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकं तापतात, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि पाय खाली जातो तो जातोच. गाडी थांबत नाही. गावातून बीडला जायला मांजरसुंब्याचा घाट उतरल्याशिवाय रस्ता नाही. तारीख पुढची मागितली असती तर कचेरीनं दिलीही असती, पण सुंदररावांनी आठ दिवस गावभर आजचीच तारीख सांगितली होती. आज न गेलेली गाडी त्यांच्या लेखी नापासच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलं गॅरेजही उघडं नव्हतं.

“गेली का गाडी?” सरस्वतीबाईंनी विचारलं. त्यांचा दात घासायचा हात तोंडाशीच थांबला होता.

“न्हाई गेली,” वनमाला म्हणाली. “पन सगळं तेल काढून नवीन भरावं लागंल. चारी चाकांतून.”

डिकीत ब्रेक ऑइलचे दोन सीलबंद डबे होते; दिवाळीत बदलायचं म्हणून आणलेले. नोकरीतून निवृत्त होताना लोक शाल-नारळ आणतात, वनमालानं शिवाय मोठ्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळ्या आणल्या होत्या, आणि त्या तिला शालीपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. तिनं सिरिंजनं बाटलीतलं तेल तुळशीच्या पानासकट ओढून घेतलं, बाटली पुसली, नवीन तेल भरलं. पुढचं काम मात्र एकटीचं नव्हतं. एकानं सीटवर बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून जुनं तेल सोडायचं. मागच्या वेळी पाय शेजारच्या अजिनाथचा होता, आणि अजिनाथ काल सोनं वाटून झाल्यावर टोळीबरोबर कारखान्याला ऊस तोडायला निघून गेला होता.

“मी बसते,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“तुमच्यानं दबंल का, आत्याबाई?”

“तुज्या सासऱ्यासंगं पंधरा वर्सं ऊस तोडलाय मी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढलेले पाय हायत हे. ह्यो एवढासा ब्रेक दबंना का?”

शहात्तर वर्षांच्या सरस्वतीबाई लुगडं सावरून आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागं बसल्या. गाडी बंद होती, जॅकवर होती, तरी त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वनमालानं बाकीच्या चाकांना दगड लावले, मागचं डावं चाक काढलं, कारण बाटलीपासून सगळ्यांत लांब ते, आणि सुरुवात लांबून करायची असते. तिथल्या बारक्या तोटीला सलाईनची नळी बसवली, नळीचं दुसरं टोक रिकाम्या बाटलीत सोडलं.

“दाबा, आत्याबाई. धरा. धरा तसंच.” तिनं तोटी सैल केली. काळपट तेल नळीतून सरकलं, त्यात बारीक बुडबुडे. तोटी आवळली. “आता सोडा.”

“बाळंतिनीला म्हनतीस तसं म्हनायलीस गं.”

“दाबा. धरा.”

दर चार-पाच वेळा उठून वरच्या बाटलीत भर घालायची, ती रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. एक चाक झालं, दुसरं सुरू झालं, आणि ओसरीवरून सुंदरराव खाली आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कानाला फोन. आईला ड्रायव्हरच्या जागेवर बघून त्यांनी फोन बंद केला.

“आई, खाली उतर. लोकं यायलेत घरी.”

“पाय काढला तर हवा शिरती म्हनं आत,” सरस्वतीबाई समोर बघत म्हणाल्या. “तू जा, चहा पे.”

“वहिनी, म्हातारीला कामाला लावलं तुमी? ही कसली मिजास? मी गॅरेजवाल्याला फोन केला असता.”

“मिजास न्हाई, काम हाय,” वनमाला चाकाआडून म्हणाली. “भाऊजी, जरा बाजूला व्हा. उजेड अडायलाय.”

सुंदरराव बाजूला झाले. त्यांना कुणी बाजूला हो म्हणून किती वर्षं झाली होती कोण जाणे. पाय आपोआप हलले आणि मग त्यांना राग आला. “चार वाजता येणाराय तो भंगारवाला,” एवढं सुनावून ते वर गेले.

सव्वानऊला शेवटच्या चाकातून स्वच्छ पिवळं तेल आलं, एकही बुडबुडा नाही. वनमालानं चाकं आवळली, हात साबणानं दोनदा धुतले आणि बाटली टिकलीपर्यंत भरायला गेली, तर टिकलीच नव्हती. त्या तेलानं रंग सुटतो, तिथं टिकलीचा डिंक काय टिकणार. तिनं नवं पाकीट आणलं, लाल टिकली काढली. बाटली अजून ओली होती आणि डबा धरायला दोन्ही हात हवे होते म्हणून तिनं टिकली तेवढ्यापुरती कपाळाला लावून ठेवली, शिवताना सुई पदराला टोचून ठेवतात तशी.

रोज बघून डोळ्यांत बसलेल्या उंचीपर्यंत तेल भरून झालं. झाकण लावलं, बाटली पुसली. टिकली काढायला बोट कपाळाशी गेलं, आणि तेवढ्यात दाराच्या आरशात तिला आपला चेहरा दिसला. तिचं बोट खाली आलं. तिनं पाकिटातून दुसरी टिकली काढली आणि ती बाटलीवर डकवली. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

सरस्वतीबाईंनी बघितलं. बघितलं आणि म्हणाल्या, “मी बी येते. माजं पानी गेलतं तिच्यात, मला बसाया पायजे.”

वनमालानं आधी गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर तीनदा ब्रेक मारून बघितला. पेडल वरच थांबत होतं, दगडासारखं घट्ट. तरी घाटाच्या तोंडाशी तिनं आणखी एकदा दाबून खात्री केली. पेट्रोल वाचावं म्हणून घाटात न्यूट्रल करून गाड्या सोडणारे शहाणे शेजारून सुसाट जात होते. ती दुसऱ्या गिअरला, गाडीला लगाम घालून, एकेक वळण उतरत राहिली. सासू डोळे मिटून बसली होती आणि तिचा उजवा पाय प्रत्येक वळणावर रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. पालीजवळ बिंदुसरेच्या तलावाचं पाणी दिसलं, रस्ता सपाट झाला, तेव्हा तिनं डोळे उघडले.

तपासणीचे साहेब तरुण होते. कागद बघून म्हणाले, “ड्रायव्हर कुठंय?”

“म्होरं उभी हाय की.”

त्यांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, चेसिसचा नंबर ताडून पाहिला. बॉनेट उघडायला सांगितलं आणि वाकून बघत राहिले. “ह्या टिकल्या कशाला?”

“बाटलीवरच्या रेघा गेल्यात. तेल कुठवर असावं त्याची खून हाय.”

साहेबांनी एकवार बाटलीकडं पाहिलं, एकवार तिच्या कपाळाकडं, आणि दोन्हीबद्दल काही विचारलं नाही. “ब्रेक ऑइल नवं दिसतंय. कुठल्या गॅरेजला केलं?”

“अंगनात. आज सकाळी. आमी दोघींनी,” वनमालानं सांगितलं, आणि मागं बसलेल्या सरस्वतीबाईंनी मान जरा ताठ केली.

मग साहेब शेजारी बसले. गाडी वेगात घ्या म्हणाले, आणि एकदम म्हणाले, “मारा ब्रेक.” गाडी सरळ रेषेत, चारी चाकं जमिनीला चिकटवून उभी राहिली. सासूच्या पिशवीतली कपिलधारेच्या पाण्याची बाटली तेवढी घरंगळत पुढं आली. साहेबांनी ती उचलून मागं दिली आणि पास म्हणून लिहून टाकलं.

सव्वाचारला त्या अंगणात शिरल्या तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. ओसरीवर सुंदरराव खुर्चीत, बाजूला पाच-सहा माणसं. तमाशा बघायला बोलावल्याशिवाय इतकी माणसं भरदुपारी जमत नाहीत.

“काय झालं, वहिनी?”

वनमाला खाली उतरली. डिकी उघडून तिनं तेलाचे रिकामे डबे, मागं बदललेली बॅटरी, झिजलेले ब्रेक, गंजका पाना असं एकेक काढून भंगारवाल्याच्या पायाशी ठेवलं. “आमचं भंगार एवढंच हाय, भाऊ. घेऊन जावा.” मग पासिंगचा कागद ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर गाडीची चावी ठेवली. बघणाऱ्यांनी वाकून वाचलं. एक जण हसलाही.

सुंदररावांनी कागद वाचला नाही. त्यांचं लक्ष आता कुठं तिच्या कपाळाकडं गेलं होतं. शर्त हरलेल्या माणसाला दुसरं काहीतरी लागतंच.

“हे काय लावून हिंडून आलात, वहिनी? सगळ्या बीडातून? चार माणसांत आमची काही इज्जत हाय का न्हाई?” वनमालानं कपाळाला हात लावला नाही, मान खाली घातली नाही. तेव्हा ते गाडीकडं वळून म्हणाले, “आई, तू सांग हिला. पुसून टाक म्हनावं.”

सरस्वतीबाई दार धरून सावकाश उतरल्या. गुडघे दुखत असणार. सकाळपासून त्यांनी कमी वेळा ब्रेक दाबला नव्हता. त्या वनमालाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि आपला उजवा हात त्यांनी लेकासमोर धरला.

“चार वर्साखाली मीच पुसलं व्हतं. ह्या हातानं. त्या दिसापास्नं ह्यो हात मला खातो,” त्या म्हणाल्या. “आता म्या न्हाई पुसनार. तुला पुसायचं असंल तर ये म्होरं.”

सुंदरराव खुर्चीतून उठले, पण पायरी उतरले नाहीत. वनमालानं कठड्यावरची चावी उचलून पर्समध्ये टाकली, आणि सासूला विचारलं, कपिलधारेला रविवारी जायचं का सोमवारी.